पांढऱ्या शार्कचे प्रादेशिक समूह: जनुकीय फरक किती, कशात आणि कधीपासून

प्रश्न थोडक्यात असा आहे. पांढरा शार्क दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ऑस्ट्रेलियापर्यंत पोहत जातो आणि परतही येतो, हे उपग्रह टॅगमुळे सिद्ध झाले आहे. असे असताना वेगवेगळ्या समुद्रांतील पांढऱ्या शार्कमध्ये जनुकीय फरक कसे टिकून राहतात? ते फरक खरे असतील तर त्यांना वेगळ्या जाती का मानत नाहीत? आणि संरक्षणाच्या कामात या माहितीचा उपयोग काय?

सागरी माशांच्या समूहांचा जनुकीय अभ्यास हेच माझे काम असल्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर नेहमी येतो. उत्तराची दिशा आधीच सांगतो. फरक खरे आहेत, परंतु ते सगळ्या डीएनएत सारखे नाहीत. फक्त आईकडून मिळणाऱ्या डीएनएत ते ठळक आहेत, उरलेल्या डीएनएत पुष्कळ क्षीण आहेत, आणि या दोहोंतील तफावतीचे जे स्पष्टीकरण जवळजवळ पाव शतक प्रचलित होते, ते २०२५ साली डळमळीत झाले आहे. म्हणून ‘फरक आहे की नाही’ एवढेच विचारून भागत नाही. फरक कोणत्या डीएनएत आहे, तो किती पिढ्यांपासूनचा आहे, आणि आज प्रत्यक्ष किती प्राणी एका समूहातून दुसऱ्या समूहात जाऊन तेथे प्रजनन करतात, हे तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागतात. बहुतेक गोंधळ ते एकत्र केल्यामुळे होतो.

आधी या प्राण्याविषयी. पांढरा शार्क, शास्त्रीय नाव कार्कारोडॉन कार्कारियास, जगातील बहुतेक समशीतोष्ण समुद्रांत आढळतो, पण त्याची दाटी मोजक्याच ठिकाणी असते: दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलियाचा दक्षिण व पूर्व किनारा आणि न्यूझीलंड, कॅलिफोर्निया व मेक्सिकोचे ग्वादालूपे बेट, अमेरिकेचा ईशान्य किनारा, आणि फार विरळ प्रमाणात भूमध्य समुद्र. आपले शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार ठेवू शकणाऱ्या थोड्या माशांपैकी तो एक असल्यामुळे थंड आणि खोल पाणी त्याची वाट अडवत नाही. दुसरी बाब त्याच्या आयुष्याच्या संथ गतीची. वायव्य अटलांटिकमधील शार्कच्या मणक्यांवरील वलये मोजून नर सुमारे २६व्या आणि मादी सुमारे ३३व्या वर्षी प्रौढ होते, असा अंदाज बांधला गेला आहे. अणुचाचण्यांमुळे वातावरणात आणि समुद्रात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनची खूण वापरून २०१४ साली झालेल्या अभ्यासात एका नराचे वय ७३ वर्षे निघाले. या आकड्यांचा जनुकशास्त्राशी थेट संबंध आहे, कारण जनुकीय फरक वर्षांगणिक नव्हे तर पिढ्यांगणिक साचतात, आणि या माशाच्या एका पिढीला साधारण अर्धे शतक लागते.

विषयाला खरी सुरुवात झाली ती २००१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या लेखाने. पार्दिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील शार्कची तुलना ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील शार्कशी केली होती. पेशीतील तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो संततीला केवळ आईकडून मिळतो. या डीएनएत दोन्ही प्रदेशांत ठळक फरक दिसला. पेशीच्या केंद्रकातला डीएनए मात्र आई आणि वडील दोघांकडून येतो, आणि त्यातील मायक्रोसॅटेलाइट नावाच्या खुणा तपासल्या तेव्हा तसा फरक आढळला नाही. यावरून लेखकांनी असा निष्कर्ष काढला की माद्या आपापल्या प्रदेशातच प्रजनन करतात आणि नर मात्र महासागर ओलांडून दूरवर जातात. निष्कर्ष सुटसुटीत होता, इतर काही प्राण्यांतही अशी उदाहरणे माहीत होती, आणि तो पाठ्यपुस्तकांत पोहोचायला वेळ लागला नाही.

त्यानंतर निकोल आली. नोव्हेंबर २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गान्सबाईजवळ सुमारे ३.८ मीटर लांबीच्या एका मादीला उपग्रह टॅग लावण्यात आला. नव्व्याण्णव दिवसांनी, सुमारे ११ हजार किलोमीटरचे अंतर कापून ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक्समथ आखाताजवळ पोहोचली होती. वाटेत तिने ९८० मीटर खोलीपर्यंत बुड्या मारल्या होत्या. ऑगस्ट २००४ मध्ये तीच मादी पुन्हा गान्सबाईला दिसली. पाठीवरील पराच्या कडेच्या खाचांवरून तिची ओळख पटली. नऊ महिन्यांच्या आत २० हजार किलोमीटरहून अधिक प्रवास झाला होता, आणि तो नराने नव्हे तर मादीने केला होता. बोनफिल आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘सायन्स’मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली तेव्हा पार्दिनींचा निष्कर्ष खोडून निघाला असे अनेकांनी म्हटले. मला ते घाईचे वाटते. एवढ्या लांबीची मादी बहुधा अजून प्रौढ झालेली नव्हती, आणि ऑस्ट्रेलियात तिने संतती मागे ठेवली असे मानायला काहीही आधार नाही. ती गेली आणि परत आली. परत येणे हे तर जन्मभूमीच्या ओढीशी सुसंगतच आहे. टॅग प्राण्याचा प्रवास दाखवतो, जनुकांचा नव्हे. जनुकांचा प्रवास पूर्ण होतो तो पाहुणा प्राणी तेथे प्रजनन करून त्याची पिल्ले तेथेच वाढल्यावर. आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे अर्धे उत्तर येथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर दोन प्रकारच्या डीएनएच्या वागण्यात आहे, आणि येथे थोडे गणित टाळता येत नाही. तंतुकणिकांच्या डीएनएचे वारसापद्धतीच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे आडनाव, फक्त उलट्या बाजूने, आईकडून चालणारे. शेपन्नास घरांच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या काही आडनावे केवळ योगायोगाने नाहीशी होतात आणि शेवटी एकदोनच उरतात, जरी सोयरिकींमुळे रक्त सर्वत्र मिसळलेले असले तरी. नराच्या तंतुकणिकांचा डीएनए पुढच्या पिढीत जातच नाही, आणि मादीकडेही त्याची एकच प्रत मानली जाते. त्यामुळे नर आणि माद्या समसमान असतील तर या डीएनएची ‘प्रभावी संख्या’, म्हणजे पुढच्या पिढीला तो डीएनए देणाऱ्यांची हिशेबी संख्या, केंद्रकी डीएनएच्या एक चतुर्थांश असते. संख्या जितकी लहान तितका योगायोगाचा परिणाम मोठा, म्हणून या डीएनएत प्रादेशिक फरक लवकर साचतो.

समूहांमधील फरक मोजायला आम्ही एफएसटी हे गुणोत्तर वापरतो. शून्य म्हणजे फरक नाही आणि एक म्हणजे पूर्ण फारकत. जनुकशास्त्रज्ञ सूअल राइट यांच्या सोप्या गणिती प्रतिरूपानुसार, दर पिढीला दहा प्राणी दुसऱ्या समूहात जाऊन तेथे प्रजनन करत असतील तर केंद्रकी डीएनएतील हे गुणोत्तर सुमारे ०.०२४ वर स्थिरावते. त्याच परिस्थितीत, नर आणि माद्या अगदी सारख्याच प्रमाणात स्थलांतर करत असल्या, तरी तंतुकणिकांच्या डीएनएत ते सुमारे ०.०९ असते. म्हणजे दोन डीएनए वेगवेगळी उत्तरे देतात एवढ्यावरून माद्या घरकोंबड्या आणि नर भटके असे सिद्ध होत नाही. काही तफावत निव्वळ गणितातूनच येते. पांढऱ्या शार्कमधील तफावत याहून कितीतरी मोठी होती, म्हणूनच माद्यांच्या जन्मभूमीच्या ओढीचे स्पष्टीकरण लागू केले गेले. पण दर पिढीला दहा प्राणी म्हणजे किती, तेही पाहावे. पिढी पन्नास वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एक शार्क. पाच वर्षांतून एकच परका शार्क येऊन प्रजनन करत राहिला तरी केंद्रकी डीएनएतील फरक जवळजवळ पुसला जातो. संरक्षणाचा मुद्दा येईल तेव्हा हा आकडा पुन्हा लागणार आहे.

२००१ नंतर इतर प्रदेशांचे चित्र हळूहळू भरत गेले. कॅलिफोर्नियातील शार्क दरवर्षी हवाई आणि मेक्सिकोच्या द्वीपकल्पादरम्यानच्या उघड्या महासागरात जातात आणि पुन्हा त्याच किनाऱ्याला परततात. यॉर्गेन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली टॅग आणि तंतुकणिकांचा डीएनए यांची माहिती एकत्र मांडून दाखवले की ईशान्य पॅसिफिकमधील शार्कची मातृशाखा, म्हणजे आईकडून चालत आलेली वंशशाखा, एकच, वेगळी आणि आटोपशीर आहे, आणि तिचे मूळ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडील शार्कशी जुळते. वायव्य अटलांटिक आणि दक्षिण आफ्रिका यांची तुलना २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिचे महत्त्व असे की तेथे केंद्रकी आणि तंतुकणिकांचा असे दोन्ही डीएनए वेगळे निघाले. म्हणजे ‘केंद्रकी डीएनए सगळीकडे सारखाच’ हे २००१ चे चित्र सार्वत्रिक नव्हते, ते हिंद महासागराच्या दोन टोकांपुरते होते. ऑस्ट्रेलियातच बास सामुद्रधुनीच्या पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील शार्कमध्ये लहानसा फरक २०१२ साली नोंदला गेला, मात्र तो किती ठाम मानावा याबद्दल मतभेद आहेत.

सर्वांत अनपेक्षित निकाल भूमध्य समुद्राचा. जिब्राल्टरमधून अटलांटिक हाकेच्या अंतरावर असताना भूमध्य समुद्रातील शार्कच्या तंतुकणिकांचा डीएनए अटलांटिकपेक्षा ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडकडील शार्कच्या अधिक जवळचा निघाला. गुबिली आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हे मांडताना असा तर्क केला की सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी, हवामान आणि सागरी प्रवाह बदललेल्या काळात, थोड्या माद्या वाट चुकून तेथे पोहोचल्या असाव्यात. २०२० साली संग्रहालयांतील जुने जबडे आणि जीवाश्म यांचा आधार घेणाऱ्या दुसऱ्या गटाने तीच घटना सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची ठरवली. एकाच घटनेच्या दोन तारखांत सातपटींचा फरक पडला, याचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण पुढेही तेच आडवे येते.

डीएनएवरून काळ मोजताना उत्परिवर्तने किती वेगाने होतात हे गृहीत धरावे लागते. मार्टिन, नेलर आणि पालुंबी यांनी १९९२ साली दाखवले की शार्कच्या तंतुकणिकांच्या डीएनएतील बदलांचा वेग सस्तन प्राण्यांच्या तुलनेत सात ते आठ पटींनी कमी आहे. हळू चालणाऱ्या घड्याळावर थोड्या काळाची नोंद नीट उमटत नाही, आणि वेगाच्या अंदाजातील किंचित चूकही लाखो वर्षांची होते. शिवाय दोन मातृशाखा एकमेकींपासून कधी फुटल्या आणि दोन समूह एकमेकांपासून कधी वेगळे झाले, या दोन निराळ्या घटना आहेत. एकाच मोठ्या समूहात दोन फार जुन्या शाखा एकत्र नांदत असू शकतात, आणि पुष्कळ नंतर समूह विभागला जाताना एक शाखा एकीकडे, दुसरी दुसरीकडे उरू शकते. शाखांचे वय हेच समूहांचे वय समजणे ही या क्षेत्रातील सर्वांत जास्त आढळणारी गफलत आहे, आणि आलेख कितीही सुबक असला तरी ती झाकली जात नाही.

यावर उपाय एकच होता: डीएनएच्या एकदोन तुकड्यांऐवजी संपूर्ण जीनोम, म्हणजे प्राण्याचा सगळा डीएनए, वाचणे. पांढऱ्या शार्कचा जीनोम २०१९ साली प्रसिद्ध झाला. तो सुमारे ४.६३ अब्ज अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या जवळजवळ दीडपट आहे. त्यानंतर वेगवेगळ्या प्रदेशांतील प्राण्यांचे हजारो जनुकीय बिंदू एकाच वेळी ताडून पाहणे शक्य झाले. २०२४ साली ‘करंट बायॉलॉजी’ मध्ये आलेल्या अभ्यासाने केंद्रकी डीएनएवरून तीन वंशशाखा स्पष्टपणे दाखवल्या: उत्तर अटलांटिक, हिंद-पॅसिफिक आणि उत्तर पॅसिफिक. त्या एक ते दोन लाख वर्षांपूर्वी विभागल्या असाव्यात असा अंदाज होता. बर्म्युडाजवळ सापडलेला एक शार्क मात्र दोन शाखांच्या संकरातून झालेला निघाला. माझ्या मते तो एकटा शार्क त्या शोधनिबंधातील सर्वांत बोलका नमुना आहे: शाखा वेगळ्या आहेत, पण त्यांच्यातील दार बंद झालेले नाही.

२०२५ साली फ्लोरिडातील नेलर यांच्या गटाने ‘पीएनएएस’ या नियतकालिकात आपला निकाल मांडला. त्यांनाही तीनच समूह मिळाले, म्हणजे दक्षिण गोलार्ध, उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक. पण त्यांचे काळाचे उत्तर पूर्ण निराळे होते. हिमयुग संपत असताना, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, सगळे पांढरे शार्क एकाच समूहात होते आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वीपासून ते विभागत गेले, असे त्यांचे म्हणणे आहे. याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. माद्या जन्मस्थानीच परततात असे गृहीत धरून त्यांनी संगणकावर पिढ्यांमागून पिढ्या चालवून पाहिल्या, आणि त्या गृहीतकातून प्रत्यक्षात दिसते तेवढी तफावत तयार होईना.

हे का होते ते साध्या हिशेबानेही दिसते. सात हजार वर्षे म्हणजे पन्नास वर्षांच्या पिढीने फक्त १४० पिढ्या. समजा, एका समूहातील प्रभावी प्रजननक्षम संख्या ५,००० आहे आणि त्या काळात बाहेरून एकही प्राणी आला नाही. तरीही केवळ योगायोगाने साचणारा फरक केंद्रकी डीएनएत दीड टक्क्याच्या आसपास आणि तंतुकणिकांच्या डीएनएत पाच ते सहा टक्क्यांच्या आसपास राहतो. माद्यांची ओढ कितीही कडक मानली तरी पूर्ण विलगतेपेक्षा अधिक कडक काही असू शकत नाही, आणि पूर्ण विलगताही इतक्या कमी पिढ्यांत मातृशाखा एकमेकींपासून जवळजवळ पूर्ण वेगळ्या करू शकत नाही. ५,००० हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. तो पुष्कळ कमी केला तर तंतुकणिकांचा फरक वाढतो, पण मग केंद्रकी डीएनएतील फरकही वाढू लागतो आणि गणित दुसऱ्या टोकाला बिघडते.

मग तफावत आली कोठून? नैसर्गिक निवडीचा पर्याय पुढे येतो. तंतुकणिका पेशीची ऊर्जा तयार करतात आणि हा मासा उबदार शरीराचा आहे, तेव्हा वेगवेगळ्या तापमानांच्या समुद्रांत वेगवेगळे तंतुकणिकीय प्रकार सरस ठरत असतील, ही कल्पना ऐकायला आकर्षक आहे. पण एवढ्या थोड्या पिढ्यांत एक प्रकार जवळजवळ पूर्णपणे काढून टाकणारी निवड अतिशय कठोर असावी लागेल, आणि पाच वर्षांतून एखादा परका प्राणी आला तर त्याच्या मादी वंशजांचा सातत्याने नाश होत असला पाहिजे. मला हे सध्या तरी पटत नाही. माझा कल असा आहे की सात हजार आणि दोन लाख या दोन अंदाजांपैकी काळाचा प्रश्न आधी सोडवला पाहिजे, कारण पिढ्यांची संख्या १४० ऐवजी दोन-चार हजार असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो आणि जन्मभूमीच्या ओढीला पुन्हा जागा मिळते. तूर्त इतके मात्र खात्रीने सांगता येते की ‘नर भटकतो, मादी घरी परतते’ हे वाक्य केवळ दोन डीएनएंच्या तफावतीच्या आधारावर यापुढे शिकवू नये. टॅगमधून माद्या ठरावीक किनाऱ्यांना परत येताना दिसतात, ते निरीक्षण आपल्या जागी खरेच आहे. प्रश्न त्या वर्तनाच्या जनुकीय परिणामाचा आहे.

वेगळ्या जाती का मानत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मात्र लांबवण्याची गरज नाही. केंद्रकी डीएनएतील फरक कमी आहे, शाखांमध्ये संकर होतो, आणि शरीररचना, दात किंवा प्रजननाची पद्धत यांत भेद ठरवता येईल असे काही नाही. जात एकच आहे. पण जात एक म्हणून व्यवस्थापनाचा घटकही एकच असे समजणे चूक आहे, आणि येथे पाच वर्षांतून एका शार्कचा आकडा पुन्हा समोर येतो.

पाच वर्षांतून एक पाहुणा जनुकीय फरक पुसायला पुरतो, पण जाळ्यांत आणि गळांवर मेलेल्या शार्कची जागा भरून काढायला तो काहीच नाही. दक्षिण आफ्रिकेतील शार्क संपले तर ऑस्ट्रेलियातून दर पाच वर्षांनी येणारा एक प्राणी तो समूह पुन्हा उभा करू शकणार नाही. निदान आपल्या, आपल्या मुलांच्या आणि नातवंडांच्या आयुष्यात नाही. म्हणून जनुकीय फरक सापडला तर समूह वेगळे आहेत हे नक्की होते, पण फरक न सापडल्याने ते एकच आहेत असे ठरत नाही. एफएसटी शून्याच्या जवळ आहे असे दाखवून ‘साठा एकच आहे, एका ठिकाणची घट दुसरीकडून भरून निघेल’ असा अर्थ काढणारे अहवाल मी वाचले आहेत, आणि प्रत्येक वेळी मला त्याची काळजी वाटते.

सुदैवाने आज जनुकशास्त्राकडे संख्या मोजण्याचा अधिक सरळ मार्गही आहे. किशोरवयीन शार्कच्या ऊतींचे नमुने घेऊन त्यांपैकी किती जोड्या सावत्र भावंडांच्या आहेत हे डीएनएवरून ओळखता येते. प्रौढ थोडे असतील तर भावंडे वारंवार भेटतात, प्रौढ पुष्कळ असतील तर क्वचित भेटतात. या तत्त्वावर, एकही प्रौढ शार्क न पकडता, ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१८ साली पूर्व ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या समूहात सुमारे ७५० प्रौढ असल्याचा अंदाज दिला, ज्याची मर्यादा ४७० ते १,०३० होती. दक्षिण-पश्चिम ऑस्ट्रेलियासाठी हा आकडा सुमारे १,४६० होता. एवढ्या मोठ्या सागरपट्ट्यात साडेसातशे प्रौढ! ही पद्धत संख्येबरोबर भावंडे कोणत्या किनाऱ्यांवर विखुरली आहेत हेही दाखवते, म्हणजे हजारो वर्षांची सरासरी न सांगता आत्ताच्या एकदोन पिढ्यांतील ये-जा उघड करते. प्रादेशिक समूहांच्या सीमा ठरवायला मी एफएसटीपेक्षा या माहितीला अधिक वजन देतो.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट अधिक चिंतेची आहे. १९९१ साली पांढऱ्या शार्कला कायद्याने संरक्षण देणारा तो पहिला देश. तेथे २०१६ साली पराची छायाचित्रे आणि जनुकीय नमुने एकत्र वापरून सुमारे ४३८ प्राण्यांचा अंदाज मांडण्यात आला, प्रभावी संख्या ३३३ निघाली, आणि तंतुकणिकांच्या डीएनएचे अवघे चार प्रकार सापडले. संख्येच्या अंदाजावर इतर संशोधकांनी आक्षेप घेतले आणि वाद झाला. चार प्रकारांचे तुटपुंजे वैविध्य मात्र नजरेआड करता येत नाही. २०१७ पासून ऑर्का व्हेलच्या एका जोडीने गान्सबाईजवळ शार्कची शिकार सुरू केल्यावर एकेकाळी हमखास दिसणारे शार्क त्या भागातून नाहीसे झाले. ते पूर्वेकडे सरकले की संख्याच घटली, यावर आजही एकमत नाही. पूर्व किनाऱ्यावरील शार्कचे नमुने गान्सबाईच्या जुन्या नमुन्यांशी प्राणी-दर-प्राणी जुळवले तर याचे उत्तर मिळू शकते, आणि असे संग्रहित नमुने जपून ठेवणे किती मोलाचे असते तेही त्यातून कळते.

व्यापारावरील देखरेखीतही हे काम उपयोगी पडते. पांढरा शार्क २००४ साली वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला, म्हणजे त्याच्या परांचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्यानेच होऊ शकतो. वाळलेला पर पाहून जात ओळखणे कठीण असते, पण २००५ साली जप्त मालातील पर पांढऱ्या शार्कचे असल्याचे डीएनएवरून दाखवण्यात आले. त्यापुढची पायरी म्हणजे तो पर कोणत्या समुद्रातला, हे सांगणे. हातोडी शार्कच्या एका जातीबाबत हे २०१० साली झाले. हाँगकाँगच्या बाजारातील पर तपासले असता त्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा पश्चिम अटलांटिकमधील खालावलेल्या समूहांतून आल्याचे आढळले. प्रादेशिक फरक नसते तर हा माग लागला नसता.

हे वाचून आपल्या किनाऱ्यावरील शार्कबाबत असे काम करावे असे कोणाला वाटले, आणि प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात ते असावे असे मला वाटते, तर पांढऱ्या शार्कच्या मागे लागू नये. अरबी समुद्राच्या आपल्या भागात तो जवळजवळ येतच नाही. आपल्याकडची मुशी, जिला मालवणकडे मोरी म्हणतात, ही अभ्यासाला योग्य आहे. स्कोलिओडॉन लॅटिकॉडस ही लहान जात मुंबईपासून रत्नागिरीपर्यंतच्या बंदरांत नियमित उतरते, ती किनाऱ्याजवळच राहते, आणि तिच्या पिढीचा कालावधी पांढऱ्या शार्कच्या तुलनेत फारच लहान आहे. २०१० पर्यंत पूर्व आशियापर्यंतची सगळी मुशी एकच जात समजली जात होती. त्या वर्षी पश्चिम पॅसिफिकमधील मुशी वेगळ्या जातीची असल्याचे शरीररचना आणि डीएनए या दोन्हींच्या आधारे मांडले गेले. म्हणजे पांढऱ्या शार्कमध्ये जगभर पसरलेली एकच जात आहे, आणि येथे आशियाच्या किनाऱ्यावरच दोन जाती निघाल्या. किनारा न सोडणाऱ्या माशात असे होणे स्वाभाविक आहे.

नमुने घेताना एक काळजी जरूर घ्यावी. एकाच जाळ्यात आलेली लहान पिल्ले भावंडे असू शकतात, आणि भावंडांचाच गठ्ठा तपासला तर दोन बंदरांत प्रत्यक्षात नसलेला फरक दिसू लागतो. म्हणून एका बंदरातून वेगवेगळ्या होड्यांचे, वेगवेगळ्या महिन्यांतले आणि शक्यतो प्रौढ माशांचे नमुने घ्यावेत. पराचा नखाएवढा तुकडा निर्जल अल्कोहोलमध्ये बुडवावा आणि पहिल्या दिवसानंतर ते अल्कोहोल एकदा बदलावे. प्रत्येक नमुन्यासोबत लांबी, लिंग, तारीख आणि जाळे कोणत्या भागात व किती खोलीवर टाकले होते, हे तांडेलाला विचारून लिहून ठेवावे. बंदराचे नाव पुरेसे नसते, कारण होडी जेथे मासळी उतरवते तेथेच ती पकडलेली असते असे नाही.